काळजाची रीळ

आरतीचं तबक फिरलं, बुक्का लागला, माणसं चपला हुडकायला लागली, तरी डॉक्टर वामनराव राममंदिराच्या खांबाला टेकून बसूनच होते. लीलाधर भोंग्याच्या वायरी गुंडाळत होता. बऱ्हाणपुरात मंडप कुणाचाही असो, कीर्तनाला भोंगा लीलाधरचा. त्याचं खरं काम मात्र कुणाच्या लक्षात येत नसे. बुवा गजराच्या भरात नाचत मागं सरले की आवाज विरून जाई, पुढं झेपावले की भोंगा किंचाळे. लीलाधर बटणावर बोट ठेवून बुवांच्या पायांकडं बघत बसे आणि आवाजाला कुठं खड्डा पडू देत नसे. कितीतरी आख्यानं त्यानं अशी बोटानं ऐकली होती, आणि देवानं आपल्याला मंडपातली सगळ्यात चांगली जागा दिली आहे असंच त्याला वाटे.

“लीलाधर, आज बुवांचा श्वास ऐकू आला रे,” डॉक्टर म्हणाले. “ओवी म्हणताना मधे घेतात ना, तो. आजवर कधी आला नव्हता.”

“माइक नवा आहे साहेब. क्रिस्टलचा. मुंबईहून मागवला.”

“श्वास येतो, तर मग काळीजही येईल का?”

लीलाधरनं वायर खाली ठेवली. डॉक्टर कुणाच्या काळजाबद्दल बोलताहेत हे त्याला विचारावं लागलं नाही.

त्याची बायको शारदा निंबोल्याची. लहानपणी तिला सांधे धरून मोठा ताप आला होता. गावी त्याला कुणी ताप म्हटलं, कुणी वारं म्हटलं, आणि पोर उठून बसली तेव्हा सगळे तो विसरूनही गेले. लग्न होऊन शहरात आली तेव्हा ती धावतपळत कामं करायची. आता हौदावरून कळशी आणताना तिला वाटेत बसावं लागे. रात्री दोन उशा लागत. गेल्या पंधरवड्यात खोकल्यातून रक्ताचा तांबूस डाग पडला, तो तिनं सासूला दाखवला नाही, नवऱ्याला दाखवला.

डॉक्टरांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि मुलाला समजवावं तसं समजावलं. काळजात एक दार असतं, दोन पाखांचं. त्या तापानं ती पाखं एकमेकांना चिकटतात, दार किलकिलं होतं, आणि रक्त तिथं तुंबून फुप्फुसात साठतं. मुंबईला त्यांचा एक वर्गमित्र मोठा सर्जन होता. तो छाती उघडून बोटानं ते दार मोकळं करायचा. काही जणी बऱ्या होऊन घरी जात. काही जणी टेबलावरून उठत नसत.

“दार आवळलेलं असलं की ते उघडताना एक आवाज होतो. दुसऱ्या ठोक्याच्या मागं लगेच, टिक असा. तो टिक असला तर मुंबई. नसला तर रोग दुसराच, मग मुंबईचं नावसुद्धा काढायचं नाही. मला कधी वाटतं तो आहे, कधी वाटतं नाही. लुगड्याच्या घडीवरून ऐकायचं, आणि माझे कान आता साठीचे. अशा कानाच्या भरवशावर पोरीची छाती फाडायला पाठवू?”

“नागपूरला दाखवलं तर?”

“नागपूर परवापर्यंत आपलं होतं. आता राज्यांची नवी वाटणी झाली, ते पलीकडच्या राज्यात. आपले कागद भोपाळला जातात, आणि भोपाळात अजून टेबलखुर्च्याच उतरवताहेत म्हणे.” डॉक्टर उगीच हसले आणि गंभीर झाले. “माझा मित्र म्हणतो, आवाज पकडून पाठव. मी कानानं ऐकेन, मग बोलावीन. तू पकडशील?”

लीलाधर रामाच्या मूर्तीकडं बघत म्हणाला, “पकडतो साहेब.”

बोलणं सोपं होतं. कासाराकडून त्यानं पितळेची उथळ वाटकी ठोकून घेतली, तिच्या तोंडावर डॉक्टरांच्या छाती तपासायच्या जुन्या नळीचा पडदा ताणून बसवला, मागं रबरी नळीचा तुकडा आणि त्यात माइकचा क्रिस्टल. ही डबी भोंग्याच्या यंत्राला जोडून स्वतःच्या छातीला लावली आणि आतले काचेचे व्हॉल्व्ह तापल्यावर कान दिला, तर आत नुसतं घूंऽऽ. काळजाचा आवाज फार खालच्या पट्टीतला, आणि घरच्या विजेची घरघर नेमकी त्याच पट्टीत येऊन बसलेली. दोघींनी एकदम बोलावं तसं झालं.

गोदाबाई दारात उभी राहून लेकाकडं बघत होती. नवरा गेल्यापासून तिनं एकही कीर्तन चुकवलं नव्हतं आणि लेकाच्या कुठल्याच यंत्रावर विश्वासही ठेवला नव्हता.

“काय रे, सोताच्या छातीले भोंगा लावू राहिला? तुहं काळीज काय वरात काढू राहिलं?”

“माय, जरा गप. ऐकू दे.”

“ऐक बापा. बायकोचं ऐकत नाही, सोताचं तरी ऐक.”

घरघर काढायला त्यानं काय काय केलं. तारांना पत्र्याचं वेष्टण घातलं, ते जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलं. शेवटी इच्छापुरच्या गिऱ्हाइकाचा बॅटरीवर चालणारा रेडिओ त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात आला होता, तो बघून त्याच्या डोक्यात उजेड पडला. खेड्यावर वीज नाही, म्हणून त्या रेडिओत घरघरही नाही! त्यानं आपलं यंत्रही तसल्याच सुक्या बॅटरीवर घेतलं. भोंगा काढून टाकला, कारण एवढा खोल आवाज भोंग्याच्या गळ्यातून उतरतच नव्हता. त्याऐवजी कानाला लावायचे हेडफोन जोडले. आणि एका दुपारी, दुकानाचं दार लोटून बसलेला असताना, त्याला स्वतःचे ठोके ऐकू आले. धप्प टप्. धप्प टप्. मंडपाच्या मागच्या बाजूला कुणी मृदंग जुळवत बसावं तसे. त्यानं आपसूक हात जोडले.

आवाज धरून ठेवायला टेपरेकॉर्डर हवा. तो गावात एकट्या भाईदास सेठकडं होता. कापसाचा मोठा व्यापार, आणि तितकंच मोठं कीर्तनाचं वेड. बुवांची आख्यानं रिळांवर भरून तो जेवताना ऐकत असे.

“ले जा भाई,” सेठ म्हणाला. “पण कोरी रीळ नाही माझ्याकडं. बुवांच्या आख्यानाच्या शेवटी थोडी फीत शिल्लक आहे, तेवढ्यात बसव. आख्यान पुसलंस तर मी तुझं भजन करीन, सांगून ठेवतो.”

“मग मुंबईच्या डॉक्टरला आधी बुवांचा उत्तररंग ऐकावा लागेल, सेठ.”

“ऐकू दे की! हात को पुण्य लगेगा. त्याच हातानं कापायचं आहे ना?” म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं जीभ चावली. मग स्वतः टेपरेकॉर्डरची पेटी उचलून टांग्यात ठेवली.

घरंदाज बायकांना तपासायची डॉक्टरांची रीत ठरलेली होती. मधे दोरीवर गोधडी टाकायची. पलीकडं बाई आणि तिच्याजवळ घरातली एखादी जाणती. डॉक्टर नळीचं टोक त्या जाणतीच्या हातात देत आणि कुठं लावायचं ते अलीकडून सांगत. शारदेच्या वेळीही तसंच झालं. ती डाव्या कुशीवर निजली, कारण त्या कुशीवर काळीज छातीच्या जवळ येतं. गोदाबाई डबी घेऊन पलीकडं गेली. लीलाधर टेपरेकॉर्डरपाशी बसला. नवरा असला तरी आईच्या देखत त्यानं गोधडीपलीकडं जायचं, ही कल्पनाही कुणाच्या मनात आली नाही.

“डाव्या स्तनाच्या खाली, गोदाबाई. हाताला ठोका लागतो तिथंच.”

“लागला. लावू?”

“लावा. आणि शारदे, श्वास सोडून थांब.”

फीत सरकू लागली. डॉक्टरांनी हेडफोन घातले, डोळे मिटले. आणि हळूहळू त्यांच्या उजव्या हाताचं बोट उठायला लागलं. प्रत्येक ठोक्यामागं एकेक वेळा, ताल धरावा तसं.

मग त्यांनी भरलेली फीत अर्ध्या वेगानं लावायला सांगितली आणि हेडफोनची एक बाजू लीलाधरच्या कानाला दिली. त्या पेटीत तशी सोय होती. वेग अर्धा केला की ठोके सुटे होत, जसे द्रुत लयीतले बोल कुणी विलंबितात म्हणून दाखवावेत. धाऽप्प. टऽप्. आणि मग, स्वच्छ, उघडा, टिक.

“आलं! साहेब, काय साफ आलं!” लीलाधर ओरडला. महिनाभर ज्या आवाजामागं तो लागला होता तो हातात आला होता. तो हसला, आणि हसू ओठांवर असतानाच त्याला कळलं की आपण कशाला हसलो. गोधडीपलीकडून शारदेनं विचारलं, “काय आलं हो?” तो फीत मागं गुंडाळायला लागला.

रीळ सेठच्या मुनिमाबरोबर मुंबईला गेली. चार दिवसांनी डॉक्टरांना तार आली. आवाज स्पष्ट आहे, बाईला सोमवारच्या गाडीनं पाठवा, खाट राखून ठेवतो.

घरात बांधाबांध सुरू झाली. शारदा बसल्या बसल्या लुगड्यांच्या घड्या करत होती. लीलाधर वळकटीची दोरी आवळत होता. गोदाबाई दशम्यांचं पीठ मळता मळता मधेच थांबली.

“लीलाधर, मुंबईले तं मोठं यंत्र राहीन ना? तिथले डाक्टर वाटी ठेवू देतीन का रे?”

“कसली वाटी, माय?”

“तिच्या पोतीची. दोन वाट्या हायेत ना मंगळसूत्रात, त्या. इथं म्या डबीच्या खाली ठेवली व्हती. इजेचं यंत्र, उघड्या छातीले काहाले लावा? मधे सौभाग्य असू दे म्हटलं. माही तं पोत गेली बापा. तिची तरी आड येईन.”

लीलाधर दोरी सोडून उभा राहिला. मग एकदम दुकानात गेला, दाराची कडी लावली, डबी काढली. एका फुटक्या घुंगराची पितळी वाटी पडलेली होती, ती छातीवर ठेवून त्यानं वर डबी दाबली आणि कुशीवर झाला.

धप्प टप् टिक. धप्प टप् टिक.

ठोका उसळला की वाटी उचलली जात होती आणि ठोका सरला की परत पडत होती. त्याच्या धडधाकट काळजातसुद्धा टिक होता!

तो तसाच जमिनीवर पडून रडला. रामा, तू ऐकलंस. तो टिक सोन्याचा होता, रोगाचा नव्हता. छाती फाडायला नको, मुंबई नको, काही नको. आईच्या वेडेपणावर त्याला राग यायला हवा होता, पण त्याला तिचे पाय धरावेसे वाटले.

त्यानं डॉक्टरांकडं जाऊन वाटीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “चूक माझी आहे. गोधडीपलीकडं काय चाललंय ते मी विचारायला हवं होतं. चल, वाटी काढून पुन्हा भरू. मी संध्याकाळी येतो.”

आणि लीलाधरच्या तोंडून निघून गेलं, “यंत्र बंद पडलंय साहेब. व्हॉल्व्ह गेला.”

का बोललो, हे त्याला घरी चालत येताना कळलं. आत्ता त्याच्यापाशी एक समजूत होती, आणि ती उबदार होती. पुन्हा डबी लावली तर ती राहील की जाईल, कुणास ठाऊक. न लावली तर शारदा उद्या घरी असेल, परवा घरी असेल. देवानं एवढं दिलं आहे, त्याला आणखी कशाला विचारा?

घरी येऊन त्यानं वळकटी सोडायला घेतली. “जायचं नाही आता,” तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. गोदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि दुसऱ्याच क्षणी देवापुढं साखर ठेवायला उठली. शारदा मात्र हलली नाही.

“डॉक्टर पुन्हा ऐकणार असतील ना?” तिनं विचारलं.

“यंत्र बिघडलंय.”

“कधी? आत्ताच सांगितलंत, त्याच यंत्रावर वाटी ऐकली म्हणून.”

तो दोरीची गाठ उगीच सोडत राहिला.

“अहो, तो आवाज वाटीचा होता, मान्य. आत्याबाईंनी मायेनं ठेवली.” तिला एका दमात बोलवेना, ती थांबली. “पण मला धाप लागते, ती काय वाटीनं लागते? खोकल्यात रक्त आलं, ते वाटीनं आलं?”

गोदाबाईच्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली. “रगत? कधी आलं? मले काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही घाबरल्या असत्या म्हणून.”

“अन् आता काय नाचू राहिली मी?” म्हातारीचा आवाज फुटला.

शारदा नवऱ्याकडं बघत होती. “तुम्हाला ऐकायची भीती वाटते, मला कळतंय. मला पण वाटते. पण काळीज माझं आहे ना? त्याचं काय ते मला कळू द्या. आणि या वेळी डबी तुम्ही लावा.”

“मी? माय इथं…”

“माय भिताडाकडं तोंड करीन,” गोदाबाई म्हणाली. “लाव तू. म्या लावली तं काय झालं ते पाह्यलं नं.”

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा यंत्र मांडलेलं होतं. व्हॉल्व्हची चौकशी त्यांनी केली नाही. दोरीवर गोधडी टाकली. तिच्या अलीकडं डॉक्टर, पलीकडं शारदा आणि लीलाधर, आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, ओठांत रामनाम घेत गोदाबाई. शारदेनं पोत मागं पाठीवर सारली. लीलाधरनं डबी आपल्या तळहातावर आधी ऊब यावी म्हणून धरली, मग जिथं ठोका हाताला लागला तिथं ठेवली. दुसरे हेडफोन त्याच्या कानाला होते.

वाटीचा टिक गेला होता. एक ठोका, दुसरा ठोका, तिसरा, कुठंच तो सोन्याचा आवाज नव्हता. लीलाधरचं मन आनंदानं वर आलं. आणि मग त्याच्या कानाला खालचं ऐकू यायला लागलं. जोवर वाटी वाजत होती तोवर कान तिच्याकडंच जात होता. आता तिच्या खाली, दुसऱ्या ठोक्याला चिकटून, एक मऊ टिचकी होती. खरी. आणि तिच्यामागून, पुढच्या ठोक्यापर्यंत, एक घरघर. विजेची नव्हे, यंत्र बॅटरीवर होतं. रक्त अरुंद दारातून वाट काढत होतं, त्याची ती घरघर होती. तिच्या सावलीतच नवा ठोका पडत होता.

गोधडीच्या अलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी हळू. “ऐकलंस, लीलाधर?”

“ऐकलं साहेब.”

“आवळलेलंच आहे. पहिल्यांदा चुकीच्या आवाजावरून बरोबर बोललो मी. आज बरोबर आवाज आहे.”

शारदेनं हात पुढं केला. त्यानं मान हलवली, नको. तिचा हात तसाच पुढं राहिला. शेवटी त्यानं आपल्या कानांवरचे हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले आणि डबी जागची हलू दिली नाही.

ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती आली नाही. दुसऱ्याच्या घरी आजारी माणसाला भेटायला गेल्यावर येतो तसा भाव आला.

“किती दमलंय हो ते,” ती म्हणाली.

मग तिनं हेडफोन काढून ठेवले. “सोमवारची गाडी चुकवायची नाही. आत्याबाई, दशम्यांचं पीठ झाकून ठेवा, नाहीतर वाळेल.”

गावाबाहेर लालबागला, बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर टांगा पोचला तेव्हा मुंबईकडच्या गाडीचा सिग्नल अजून पडला नव्हता. गाडी पलीकडच्या फलाटावर, आणि मधे पूल. शारदा पहिल्या पायऱ्या चढली आणि कठडा धरून थांबली. ओठ निळसर झाले. खालून वर चढणारी माणसं तिला वळसा घालून जाऊ लागली.

लीलाधरनं वळकटी आईच्या हातात दिली, वाकला, आणि शारदेला दोन्ही हातांवर उचललं. सगळ्या स्टेशनासमोर, आईसमोर. तिनं लाजेनं पदर तोंडावर ओढला. पुलावरचे लोक थबकून बघायला लागले. एकजण हसला.

“काय पाहू राहिले?” मागून गोदाबाई कडाडली. “माही सून हाय. वाट द्या!”

लोक बाजूला झाले. लीलाधर एकेक पायरी पाय रोवून चढला, पूल ओलांडला, पलीकडच्या पायऱ्या उतरला. त्याच्या गळ्याशी तिचा श्वास आखूड आखूड येत होता, आणि लांबून गाडीची शिट्टी.

फलाटावर आल्यावर ती म्हणाली, “आता उतरवा. डब्यात मी माझ्या पायानं चढते.”

त्यानं उतरवलं. गाडी येऊन थांबली. शारदा दाराचा दांडा धरून क्षणभर उभी राहिली, धाप बसू दिली, आणि चढली.